वादी क्रमांक एक

धुळ्याच्या दिवाणी कोर्टात एका एप्रिलमध्ये माझ्या विरोधात एक हुकूम झाला. दावा मीच लावलेला होता. सही केलेला कागद माझ्याकडे होता, आणि आज निकाल आपल्या बाजूनेच होणार असं माझ्या वकिलांनी मला सांगून ठेवलं होतं. तसं झालं नाही. त्या दिवशी ज्या न्यायाधीश बाईंवर मी मनातल्या मनात चडफडले, त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. कोर्टात आभार मानायची सोय नसते. तारीख संपली की पुढच्याचा पुकारा होतो आणि आपण बाहेर. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

माझ्या वडिलांचं धुळ्यात प्लायवूडचं दुकान होतं. प्लाय, माईका, बिजागऱ्या, खिळे, कुलपं, डिंक. दुकानाच्या मागे दोन खोल्या, तिथेच आम्ही राहत होतो. सगळा बाजार त्यांना नाना म्हणायचा, म्हणून मीही नानाच म्हणायचे. मी एकुलती एक. लग्न होऊन फैजपूरला गेले. सासरी केळीची शेती आहे आणि मी तिथल्याच एका शाळेत गणित शिकवते. माझं लग्न झालं आणि महिन्याभरात लॉकडाऊन लागला. पुढच्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत नाना गेले. शेवटच्या आठ दिवसांत मला त्यांच्याशी फोनवर सुद्धा नीट बोलता आलं नाही.

आई धुळ्यातच राहिली. दुकान चालवणारं कोणी नव्हतं, तेव्हा ते आवरायचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी शाळा सुटली की फैजपूरहून जळगाव, जळगावहून धुळ्याची एसटी, पोचेपर्यंत संध्याकाळ. रविवारभर माल मोजायचा, विकायचा, उधारीवाल्यांना फोन करायचे. दोन-चार लोक सोडले तर सगळ्यांनी पैसे दिले. नानांचं नाव घेतलं की माणसं खिशात हात घालायची. काहींनी तर मी मागायच्या आधीच आणून दिले.

राहिले ते मिस्त्री.

हे मिस्त्री पांझरा नदीच्या पलीकडे कारखाना चालवत. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन मशीनं आणि हाताखाली तीन कारागीर. घरचे मुसलमान, तीन पिढ्यांचं सुतारकाम. घरात उर्दू बोलायचे, बाजारात अस्सल अहिराणी. नानांच्या दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तेच. मी लहान असताना मला लाकडाच्या ढलप्यांची टोपली खेळायला आणून द्यायचे, एवढं मला आठवतं. नाना दर दिवाळीला खात्याची बाकी काढायचे आणि मोठी बाकी असेल त्याच्याकडून महसूल तिकिटावर सही घेऊन प्रॉमिसरी नोट करून ठेवायचे. गल्ल्याच्या खालच्या खणात मला मिस्त्रींची नोट सापडली. माझ्या लग्नाच्या आधीच्या दिवाळीची, दोन लाख ऐंशी हजारांची.

मी फोन केला तर ते म्हणाले, "फिटी गयं ते, ताई. नानाले बठ्ठं मालूम व्हतं."

"कसं फिटलं? पावती आहे का?"

"पावती नही शे."

"मग कधी दिले, कसे दिले, ते तरी सांगा."

यावर ते काही बोलेनात. मी दोनदा विचारलं. शेवटी म्हणाले, "ते माले सांगता येवाव नही, ताई," आणि फोन ठेवला.

गणिताच्या बाईला असं उत्तर कसं पटावं? मुलांना मी रोज सांगते, उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवली नाही तर गुण नाहीत. नाना गेल्यावर माणूस फिरला, असंच मी धरून चालले. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा मला त्या गप्प बसण्याचा राग आला होता. इतक्या वर्षांचा घरोबा, आणि नानांना जाऊन वर्ष होत नाही तोवर हे.

नानांचे जुने स्नेही असलेले एक वकील होते, त्यांच्याकडे मी गेले. सत्तरीला टेकलेले, आवाज बारीक, पण कागद हातात घेतला की डोळे चमकायचे. नोट उलटसुलट करून म्हणाले, "ताई, हा समरी दावा होतो. नेहमीच्या दाव्यात समोरचा कैफियत देतो, मुद्दे निघतात, साक्षीपुरावे होतात, वर्षं जातात. इथे तसं नाही. त्याने लेखी कबूल केलेलं देणं आहे. त्यामुळे बचाव करायचा असेल तर त्याला आधी कोर्टाची परवानगी मागावी लागेल. बचावात दम नसला की कोर्ट परवानगी नाकारतं आणि तिथल्या तिथे हुकूमनामा."

"म्हणजे साक्षी नाहीतच?"

"कागदच साक्ष."

मला ते फार आवडलं. माझ्या मनासारखा कायदा होता.

नाना गेलेले, म्हणून दावा वारसांच्या नावाने. वारस आम्ही दोघी. आई वादी क्रमांक एक, मी वादी क्रमांक दोन. वारसाचं प्रमाणपत्र आम्ही आधीच काढलेलं होतं. वकिलांच्या ऑफिसातून कागदांचा गठ्ठा घेऊन मी घरी आले. आई भाकरी थापत होती. पेन्सिलीने जिथे जिथे फुल्या केल्या होत्या तिथे सही करायची होती. आईने हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि विचारलं, "कुठे करू?"

मी बोटाने दाखवत गेले, ती करत गेली. सात सह्या. कशाचे कागद आहेत हे तिने विचारलं नाही. मीही एवढंच म्हणाले, "उधारी वसुलीचं कोर्टाचं काम आहे." कोणावर दावा, किती रकमेचा, काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याचं उत्तर मला तेव्हा सुचलंही नसतं. आमच्या घरात दुकानाच्या गोष्टी आईला सांगायची पद्धत नव्हती. नानांनी ती पाडली नव्हती, ती होतीच. मी ती तशीच पुढे चालवली.

समन्स गेलं. मिस्त्रींनी वेळेत एक वकील बाई लावल्या आणि बचावाच्या परवानगीसाठी शपथपत्र दिलं. त्याची प्रत वकिलांनी मला फोनवर पाठवली. मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून मी ती वाचली. पाचवा परिच्छेद असा होता की, मयत इसमाकडे मुलीच्या लग्नाच्या वेळी रोख रक्कम नव्हती. त्यामुळे लग्नात द्यायचं फर्निचर, म्हणजे सागवानी कपाट, पलंग आणि ड्रेसिंग टेबल, प्रतिवादीने बनवून दिलं आणि त्याची किंमत बाकीत वळती करायचं ठरलं. सबब सर्व बाकी फिटली असून प्रतिवादी काही देणं लागत नाही.

माझे कान तापले. नानांकडे पैसे नव्हते? माझ्या लग्नाला? दोन वेळचं जेवण, फेटे, घोडा, जावयाला अंगठी, कशात कमी पडलं होतं? मेलेल्या माणसाला बोलता येत नाही म्हणून त्याला कंगाल ठरवायचं आणि आपलं देणं बुडवायचं. मी तिथूनच वकिलांना फोन केला.

"हा परिच्छेद खोडायला लावा."

"ताई, तशी गरज नाही. बचाव तसाही टिकत नाही. एक कागद नाही त्याच्याकडे."

"टिकत नाही ते ठीक. पण कोर्टाच्या कागदात हे राहता कामा नये. खोडायला लावता येतं की नाही?"

ते म्हणाले, "निष्कारण बदनामीकारक मजकूर असेल तर तसा अर्ज करता येतो."

"मग करा."

त्या शनिवारी मी धुळ्याला गेले तेव्हाही आईला काही बोलले नाही. तिला वाईट वाटेल म्हणून. नवऱ्याबद्दल असं लिहिलेलं तिने ऐकावं, हे मला नको होतं.

सुनावणीला मी शाळेत रजा टाकून आदल्या दिवशीच आले. कोर्टाची खोली भरलेली होती, पंखे फिरत होते आणि वारा लागत नव्हता. मिस्त्री मागच्या बाकावर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. मला बघून उठून उभे राहिले. मी मान वळवली.

न्यायाधीश बाई चाळिशीच्या असतील. मराठवाड्याकडचे उच्चार, सावकाश बोलणं. आमचा पुकारा झाला. माझ्या वकिलांनी नोट दाखवली, सही प्रतिवादीला मान्य आहे हे दाखवलं, आणि म्हणाले, "बचावाला एका चिटोऱ्याचाही आधार नाही. ही नंतर रचलेली गोष्ट आहे. परवानगी नाकारून हुकूमनामा व्हावा. आणि पाचवा परिच्छेद काढून टाकावा, असा आमचा वेगळा अर्ज आहे."

समोरच्या वकील बाई फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "व्यवहार विश्वासावर झाला. आमच्या पक्षकाराला पुरावा द्यायची संधी मिळावी."

न्यायाधीश बाईंनी पाचवा परिच्छेद वाचला. मग वर बघून विचारलं, "त्या वर्षी मुलीचं लग्न झालं होतं का?"

"झालं होतं," माझे वकील म्हणाले.

"फर्निचर दिलं होतं?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, "दिलं होतं."

"ते कोणाकडून घेतलं, त्याचं बिल वादीकडे आहे का?"

पुन्हा माझ्याकडे नजर. बिल नव्हतं. लग्नातल्या बाकी सगळ्या गोष्टींची बिलं नानांनी एका पिशवीत घालून ठेवली होती, मांडववाल्यापासून फुलवाल्यापर्यंत. फर्निचरचं बिल त्यात नाही, हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाही," वकील म्हणाले. "पण ते वादीने सिद्ध करायचं नाही."

"बरोबर आहे. वादी क्रमांक एकचं काय म्हणणं आहे याबद्दल?"

"दोघींच्या वतीने वादी क्रमांक दोनने शपथपत्र केलं आहे."

बाईंनी कागद चाळले. "वादी क्रमांक दोन त्या वेळी नवरी मुलगी होती. नवऱ्या मुलीला घरातले पैशांचे व्यवहार कोण सांगतं? हे माहीत असलं तर वादी क्रमांक एकला माहीत असेल. त्यांचा एक शब्द मला या कागदात दिसत नाही."

माझे वकील काही बोलायला गेले, तर बाई म्हणाल्या, "आणि खोडायच्या अर्जाचं. वडिलांकडे रोख पैसे नव्हते, यात बदनामी कसली? कोणाकडेही एखाद्या वेळी नसतात. हाच तर त्याचा बचाव आहे. तोच खोडला तर त्याने बोलायचं काय? खरं आहे की खोटं, ते पुराव्यात दिसेल."

मग त्यांनी लघुलेखकाला मजकूर सांगितला. बचावाची परवानगी, तीही कुठलीच रक्कम आधी न भरता. आमचा अर्ज नामंजूर. प्रतिवादीने अमुक दिवसांत कैफियत द्यावी. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली नसतील.

बाहेर जिन्यात मी वकिलांवर चिडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "होतं असं," म्हणाले. "दावा गेलेला नाही, फक्त आता पूर्ण चालेल. आईंचं शपथपत्र लागेल. फर्निचर रोखीने घेतलं, एवढं त्यांनी सांगितलं तरी पुरे. आजच विचारून ठेवा."

भर दुपारी घरी आले. आई गच्चीवर बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. जुन्या साडीवर ओळीने पांढरे गोल, आणि ती एका कडेला छत्री घेऊन बसलेली. मी तिच्या शेजारी सावलीत बसले आणि सरळ विचारलं, "आई, माझ्या लग्नातलं कपाट-पलंग नानांनी कितीला घेतलं होतं?"

"का गं?"

"कोर्टात सांगायचंय. रोख दिले होते ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "तू दावा कोणावर लावला आहेस?"

"मिस्त्रींवर."

ती उठली. बिबड्यांना ओलांडून जिन्याच्या दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा बसली. मला वाटलं तिला ऊन लागलं.

"त्या माणसावर?" ती म्हणाली. "आणि सह्या माझ्या?"

मग तिने सांगितलं. माझ्या लग्नाच्या वर्षी एका ठेकेदाराने नानांकडून भरपूर माल उचलला होता आणि तो गावच सोडून गेला. नानांनी हे आईशिवाय कोणालाही कळू दिलं नाही. कार्यालयाचे, जेवणाचे, दागिन्यांचे पैसे त्यांनी कसेबसे उभे केले, फर्निचरला काही उरलं नाही. मिस्त्री पत्रिका घ्यायला घरी आले होते. याच खालच्या खोलीत बसले होते. नाना त्यांच्यापुढे रडले. मिस्त्री म्हणाले, फर्निचर मी करतो, हिशोबात लिहून टाका. नाना म्हणाले, माझ्यावर एक उपकार कर, हे माझ्या पोरीला कळू देऊ नकोस. तिला वाटेल, बापाने उधारीवर लग्न लावलं.

"त्याने माझ्यासमोर शब्द दिला," आई म्हणाली. "मी पण दिला."

"सांगता येवाव नही, ताई." फोनवरचं ते वाक्य मी बनवाबनवी समजले होते. त्या माणसाने मला न सांगण्याचा शब्द दिला होता, आणि मीच त्याला विचारत होते. हातात समन्स पडेपर्यंत त्याने तो पाळला होता.

मग मी उलटी आईवरच चिडले. "पण तू सह्या करताना वाचलं का नाहीस?"

"तू आणलेला कागद मी तपासून घ्यायचा?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला जास्तच लागलं. थोड्या वेळाने तिने स्वतःच विचारलं, "त्यांनी काय लिहिलंय, दाखव तरी." मी फोन दिला. तिने पाचवा परिच्छेद वाचला, मग पहिल्यापासून सगळं वाचलं. "सगळी बाकी फिटली, हे काही खरं नाही," ती म्हणाली. "नाना म्हणाले होते, अजून थोडं त्याच्याकडे निघेल. पण वहीतला हिशोब लॉकडाऊन उठल्यावर बसून करू म्हणाले. मग काय." आणि ती बिबडे उलटायला लागली.

संध्याकाळी आम्ही दोघी रिक्षाने मिस्त्रींच्या कारखान्यावर गेलो. वकिलांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं. शेडमध्ये करवत चालू होती. मिस्त्रींनी आईला दारात पाहिलं आणि हात वर करून मशीन बंद करायला लावलं. दोन खुर्च्या स्वतः पुसून पुढे केल्या.

"तुमी आठे काबर उनात, वहिनी? माले बलाई लेता ना."

"भाऊ, माले माहीत नव्हतं," आई अहिराणीत म्हणाली. "माले काहीच माहीत नव्हतं. तुमनावर दावा लागना, ते माले आज समजनं."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माले वाटनं, तुमले माहीत शे. दोन्हीस्न्या सह्या व्हत्यात. मी घरमा बी हाई बोलनू, वहिनीनी बी सही करी."

या वाक्याने आई रडली. मी मात्र रडले नाही. मला माफी मागायची होती आणि शब्द मराठीतले घ्यावेत की अहिराणीतले, हेच कळेना. शेवटी एवढंच म्हणाले, "चाचा, चुकलं माझं." लहानपणी त्यांना मी चाचा म्हणायचे. मधल्या काळात कधी मिस्त्री म्हणायला लागले, आठवत नाही.

"तुमनं काय चुकनं? कागद तर खराच व्हता," ते म्हणाले. "सही मनीच शे." आणि चहा सांगितला.

चहा होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग त्यांनीच काढला. "ताई, एक सांगस. वकीलनी लिखं, बठ्ठं फिटनं. मी बोलनू, थोडं बाकी शे. त्या बोलन्यात, तसं लिखावं लागस." लाजल्यासारखे हसले. म्हणजे माझ्या कागदात जसं जास्त होतं, तसं त्यांच्याही कागदात थोडं जास्त होतं. त्यांच्या हिशोबाने फर्निचरची किंमत दोन लाख होत होती. ऐंशी हजार द्यायचे राहिले होते. कपाट मी तीन वर्षं वापरत होते, ते किती भक्कम आहे हे मला ठाऊक होतं. दोन लाख कमीच सांगत होते. मी म्हणाले, बाकी सोडून देऊ. त्यांना ते चाललं नाही. व्याज मात्र आम्ही घेणार नाही, हे आईने बजावलं आणि ते त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी वकिलांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी वकिलासारखंच बोलले. "अजूनही दावा आपल्या बाजूचा आहे, ताई. त्याचा पुरावा तोंडी आहे."

"त्याचा पुरावा माझी आई आहे," मी म्हणाले.

समोरची फाइल उघडून ते म्हणाले, "वकालतनाम्यावर पहिली सही त्यांची आहे. मी त्यांना एकदा इथे बोलावून घ्यायला हवं होतं. मी कागद वाचला, माणसाला विचारलं नाही." कारकुनाला हाक न मारता त्यांनी स्वतःच्या हाताने तडजोडीचं लेखी निवेदन लिहायला घेतलं. कोर्टात त्याला पुरसीस म्हणतात. त्या कामाची फी त्यांनी घेतली नाही. मी आग्रह केला तर म्हणाले, "नाना असते तर दिली असती का? मला हाकलून दिलं असतं." त्यांच्याबद्दलही माझ्या मनात आता चांगलंच आहे. चूक झाली असं म्हणणारी माणसं मला त्या एका आठवड्यात एकामागून एक भेटत गेली, मी धरून.

पुढच्या तारखेला आई कोर्टात आली. आयुष्यात पहिल्यांदा. जरीच्या काठाची साडी नेसली होती, जणू कोणाच्या साखरपुड्याला निघाली आहे. न्यायाधीश बाईंनी पुरसीस पाहिली आणि विचारलं, "वादी क्रमांक एक कोण?"

आई पुढे झाली.

"यात काय लिहिलंय ते तुम्हाला वाचून दाखवलं का? मान्य आहे?"

"मी स्वतः वाचलं," आई म्हणाली. "दोनदा."

बाईंनी सही केली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाहिलं असतं तरी मी काय म्हणणार होते? त्यांच्यापुढे त्या दिवशी चाळीस प्रकरणं होती. आमचं त्यातलं सगळ्यात छोटं असेल. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाल्याचं वकिलांकडून कळलं. कुठे, ते मी विचारलं नाही.

कधी कधी मी उलटा विचार करून पाहते. त्या दिवशी बाईंनी माझं ऐकलं असतं, परवानगी नाकारली असती, परिच्छेद खोडला असता, तर कायद्याने काही वावगं झालं नसतं. कागद होता, सही होती. मी हुकूमनामा घेऊन संध्याकाळच्या गाडीने फैजपूरला परतले असते आणि खूश असते. त्याच कपाटात साड्या ठेवल्या असत्या. नाना माझ्यापासून काय लपवत होते, ते मला कधी कळलं नसतं. ते कळणं मला त्रासाचं होतं, पण ते माझ्याकडे आहे, याचं मला समाधान वाटतं.

मिस्त्रींनी दर महिन्याला दहा हजार असे आठ महिन्यांत पैसे दिले. एकदाही आठवण करावी लागली नाही. देताना आईच्या हातात द्यायचे, आणि आई मोजून घ्यायची, ते मोजायला लावायचे म्हणून. दुकानातला उरलेला प्लाय त्यांनी बाजारभावाने उचलला. दुकान आम्ही भाड्याने दिलं, तिथे आता मोबाइल दुरुस्तीवाला बसतो.

माझं शनिवारी धुळ्याला जाणं मात्र थांबलं नाही. आवरायचं काही उरलं नव्हतं, तरी जात राहिले. आई बोलायला लागली होती. शब्द दिल्यामुळे एक गोष्ट दाबून ठेवायची, तर तिच्या आजूबाजूच्या दहा गोष्टीही दाबाव्या लागतात, असं काहीतरी झालं असावं. आता ती एकेक काढत होती. नाना घरात कसे होते, कशाला भ्यायचे, कशावर हसायचे. माझ्या ओळखीचे नाना म्हणजे गल्ल्यावर बसलेले, कोणाला न डगमगणारे. तिच्याकडचे नाना वेगळे होते.

परवा तिने सांगितलं, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते सकाळी सातलाच पेढे घेऊन आले होते. निकाल दुपारी होता. आईने विचारलं, पोरगी नापास झाली तर? ते म्हणाले, "मग हे तिला समजवायला लागतील. दोन्हीकडून पेढे लागणारच." आणि दुपारपर्यंत त्यातले चार त्यांनी स्वतःच, काळजीने, खाऊन टाकले.